सहावा झिंगा

३१ ऑक्टोबर १९५६, बुधवार. सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे झाली होती. मी गच्चीच्या कठड्यावरून बुचाची फळी उचलली. तिच्यावर सहा झिंगे असायला हवे होते. पाच होते.

मी जेवून कपडे केले होते. खिशात पत्र्याची डबी होती. झिंगे डबीत घालायचे, स्टेशनावर साहेबांच्या हाती द्यायचे आणि कचेरीत जायचे, एवढेच त्या दिवसाचे काम होते.

हे झिंगे खाण्याचे नव्हते. ग्वाल्हेरच्या शिकारखान्यात मासेमारीच्या सामानाची एक खोली होती. तेथे आधी माझे वडील होते, त्यांच्यानंतर मी. दरबारचे पाहुणे नदीवर, तलावावर मासे धरायला जात. त्यांच्यासाठी गळावर लोकर, पिसे आणि रेशीम बांधून माशांच्या भक्ष्याची नक्कल करणे हे आमचे काम. इंग्रजीत तिला फ्लाय म्हणतात. त्यांतला एक प्रकार क्रेफिशचा. हा विलायती प्राणी गोड्या पाण्यात राहतो. अंगाने झिंगा, पण पुढे खेकड्यासारख्या दोन नांग्या. आम्ही त्यालाही झिंगाच म्हणत असू. मूळ प्राणी मी आजतागायत पाहिलेला नाही. एका पाहुण्याने मागे ठेवलेला नमुना वडिलांनी उलगडला, पुन्हा बांधला, आणि मला शिकवला.

नमुना उलगडताना वडिलांना वाटले की बांधणाऱ्याने चूक केली आहे. झिंग्याचे तोंड गळाच्या टोकाकडे होते आणि शेपूट दोरीकडे. त्यांनी तो सरळ करून बांधला. पाहुण्याने तो परत केला. क्रेफिश भ्याला की शेपटीच्या बाजूने मागे पळतो. म्हणून त्याची नक्कल उलटीच बांधायची असते. दोरी ओढली की तो पाण्यात मागे मागे पळताना दिसतो, आणि मासा पळणाऱ्यावरच झेप घेतो. नांग्यांच्या पिसांत गळाचे टोक दडून राहते. ते दिसू नये, यातच कारागिरी.

संस्थान मध्यभारतात विलीन झाले तेव्हा शिकारखाना गेला आणि मी मत्स्यखात्यात कारकून झालो. आता मध्यभारतही जाणार होता. दुसऱ्या दिवसापासून नवे राज्य आणि भोपाळ ही राजधानी. कचेरीतील कपाटे बाहेर निघाली होती. कोण राहणार आणि कोण जाणार, हे कोणालाच ठाऊक नव्हते, आणि ठाऊक असल्यासारखे सगळे बोलत होते.

आमचे साहेब त्याच दुपारच्या गाडीने भोपाळला निघणार होते. आठवड्यापूर्वी त्यांनी मला बोलावून घेतले होते.

"आप वो नकली झिंगा अब भी बाँधते हैं?"

मी हो म्हटले.

"भोपाल के बड़े साहब शौकीन आदमी हैं. आधा दर्जन बाँध दीजिए. आप ग्वालियर में रहना चाहते हैं न? मैं बात कर लूँगा."

मला ग्वाल्हेरातच राहायचे होते. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. जयेंद्रगंजातील आमच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या तिला हाताने पाठ होत्या. कोणता कोपरा कुठे, किती पायऱ्या, कोणत्या पायरीचा दगड हलतो, हे तिची बोटे आणि तळवे जाणत होते. नव्या गावात, नव्या घरात ती खऱ्या अर्थाने आंधळी झाली असती. म्हणून मी सहा झिंगे बांधले. गळावर शिशाची बारीक तार, तिच्यावर तपकिरी लोकर, नांग्यांना तितराची पिसे, मिशांना घोड्याच्या शेपटीचे केस. डोळ्यांना काळे मणी हवे होते. पत्नीचे मंगळसूत्र पाटणकर बाजारात नव्याने ओवून घेतले तेव्हा काही मणी उरले होते, ते लावले. वरून लाखेचे रोगण दिले आणि रोगण सुकण्यासाठी फळी कठड्यावर ठेवली.

त्याच कठड्याखाली, जुन्या धोतराच्या तुकड्यावर, आईने सुकट वाळत घातली होती.

आईचे माहेर कोकणात. तिच्या बहिणीच्या घरून दरवर्षी कोणा येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर सुकटीची पुरचुंडी येई. ग्वाल्हेरात आमच्या ओळखीच्या घरांत ती दुसरे कोणी खात नसे. दिवाळी तोंडावर आली होती. पुढे काही दिवस घरात मासळी शिजणार नव्हती, म्हणून आईने ती त्या दिवशीच करायला लावली. सुकट ऊन दाखवून मग निवडायची असते. एकेक बारीक झिंगा चिमटीत धरायचा, डोके मोडायचे, शेपूट मोडायचे, मधला भाग सुपात टाकायचा. हे काम आई दिसेनासे झाल्यावरही सोडत नव्हती. बोटांना डोळ्यांची गरज नाही, असे ती म्हणे.

मी फळीच्या आसपास पाहिले. कठड्याच्या दोन्ही बाजूंना पाहिले. खाली गल्लीत उतरून भिंतीलगत पाहून आलो. नंतर स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो. आई जेवून तेथे बसली होती.

"आई, सकाळी गच्चीवर कोणी आले होते?"

"कावळा आला होता. फडफड ऐकली. तुझ्या त्या फळीशी काही तरी खुडबुड करत होता. हात केला, तसा धोतरावर उतरला. मग हाकलला."

"धोतरावर?"

"सुकटीवर. कावळाच तो, सुकट सोडून तुझी पिसं कशाला खाईल?"

कोपऱ्यात केराची परात होती. त्यात निवडलेल्या सुकटीची डोकी आणि शेपट्या होत्या. मी ती दाराबाहेर उजेडात आणली आणि बोटाने कचरा पसरला. थोड्या वेळाने तितराच्या पिसाचा एक तुकडा सापडला. मग दुसरा. मग घोड्याचा एक केस. आणि एक काळा मणी.

 मी परातीपाशी खाली बसलो.

आईने माझा झिंगा निवडला होता. चिमटीत धरून त्याच्या नांग्या मोडल्या होत्या, मिशा मोडल्या होत्या, आणि मधला भाग सुपात टाकला होता. गाठी माझ्या होत्या. त्या सुटल्या नव्हत्या. पिसे मोडली होती. गळ, शिसे आणि लोकर सुपातून पातेल्यात गेले होते. टोक झाकणारी पिसे आता परातीत होती.

जेवताना आई एक वाक्य बोलली होती. ते तेव्हा मी ऐकून सोडून दिले होते. आता आठवले. "यंदाची सुकट टोचरी आली रे. निवडताना बोटाला लागली."

शिकारखान्यात असताना एका शिकारी कुत्र्याने आमिषासकट गळ गिळला होता. बाहेरून काही दिसत नव्हते. पहिल्या दिवशी तो खाऊन-पिऊन होता. दुसऱ्या दिवशी त्याने पोट जमिनीला टेकून बसणे सोडले. तिसऱ्या दिवशी तो गेला. त्याला पुरायला मी गेलो होतो. हे मी घरात कधी सांगितले नव्हते. त्या क्षणी आठवले आणि मग दिवसभर ते डोळ्यांसमोरून हलले नाही.

पत्नी अजून जेवली नव्हती. मी तिला पातेले उतरवायला सांगितले.

"अहो, झालं काय? तोंड का असं झालंय?"

मी सांगितले.  तिने पातेले दुसऱ्या, स्वच्छ परातीत उपडे केले. आम्ही दोघांनी कांदा आणि सुकट बोटांनी चिवडली. प्रत्येक तुकडा दाबून पाहिला. रस गाळून घेतला. गळ नव्हता.

त्या पातेल्यातून आम्ही दोघे जेवलो होतो, आई आणि मी. मी चावून खातो. गळ माझ्या तोंडात आला असता तर कळले असते. आईला दात नव्हते. ती भातात सुकट कुस्करून, मऊ करून, गिळत असे.

"आई," मी म्हटले, "घशात काही टोचते आहे का? पोटात?"

"का?"

"आधी सांग."

"काही नाही टोचत. तू का विचारतोस ते सांग."

पत्नीने सांगितले.  आईने ऐकून घेतले, आणि मग पहिले वाक्य बोलली ते असे:

"म्हणजे मी कोंबड्याची पिसं निवडली?"

"तितराची," मी म्हटले.

"तरीच. मला वाटलं, मिशा फार लांब आहेत, सुकट चांगली आहे यंदा."

ती हसली. मला त्या हसण्याची भीती वाटली. हसताना पोट हलते.

"आई, हसू नका," पत्नी म्हणाली. तिलाही तेच सुचले असावे.

"मग रडू का? गळ पोटात असता तर मी इथं बसून बोलले असते का?"

कुत्राही पहिल्या दिवशी खाऊन-पिऊन होता. 

पाटणकर बाजाराच्या वळणावर एका डॉक्टरांचा दवाखाना होता. मी त्यांना घेऊन आलो. वयस्कर, शांत गृहस्थ. माळव्याकडचे, हिंदी बोलणारे. त्यांनी आईचा घसा पाहिला, मान चाचपली, पोट दाबून पाहिले. मी त्यांना दुसरा झिंगा दाखवला. त्यांनी तो बोटाने फिरवला आणि लगेच परत दिला.

"उल्टी बिल्कुल मत कराइएगा," ते म्हणाले. "निकलते वक़्त ज़्यादा फाड़ेगा. केला खिलाइए, नरम चावल खिलाइए, ख़ूब. लेटने मत दीजिए. दर्द उठे या ख़ून दिखे तो सीधे अस्पताल." मग दाराशी येऊन हळू आवाजात विचारले, "पक्का पता है कि इन्होंने ही खाया है? किसी और की थाली में भी तो जा सकता है."

त्यांच्या प्रश्नाबरोबर पत्नीने हातातली पळी खाली ठेवली.

"सुभेदारांचा डबा," ती म्हणाली.

खालच्या मजल्यावर एकटे राहणारे सुभेदार आमच्यासारख्याच दक्षिणेतून आलेल्या फौजी घराण्यातले. संस्थानच्या पलटणीत होते. विलीनीकरणात पलटण गेली आणि आता बिर्ला नगरला गिरणीच्या फाटकावर पहाऱ्याला होते. घरात सुकट झाली की त्यांचा डबा पत्नी भरून देई. त्या सकाळीही दिला होता. नऊ वाजता ते तो घेऊन गेले होते. पत्नीला हे इतक्या उशिरा आठवले याचे कारण एकच: आम्ही दोघेही फक्त आईकडे पाहत होतो.

म्हणजे गळ आईच्या पोटात असेल, किंवा सुभेदारांच्या डब्यात. आणि सुभेदार दुपारच्या सुट्टीत जेवत.

मी सायकल काढली. आई खाटेवर ताठ बसली होती. पत्नी तिच्यासमोर केळी सोलत होती.

"आज मला उपास नाही," आई म्हणत होती. "एवढी केळी कशाला?"

"खा ना आई. डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टरांना म्हणावं, तुम्ही खा." आणि मग मला, "तू कुठं निघालास?"

"सुभेदारांकडे."

"आधी स्टेशनवर जा. साहेबाची गाडी चुकेल."

तिला सगळे माहीत होते. झिंगे कशासाठी बांधले, हे मी तिला सांगितले नव्हते.

रस्ता मला फारसा आठवत नाही. डबी खिशात होती, पाच झिंग्यांसह, आणि सायकल हलली की ती वाजे. स्टेशन बिर्ला नगरच्या वाटेवरच पडते. मी तेथे पोचलो तेव्हा गाडी फलाटाला लागलेली होती. बाहेरून इंजिनाचा धूर दिसत होता आणि खात्याच्या चपराशांची टोळी साहेबांचे सामान आत नेत होती. त्यांतल्या एकाने मला ओळखले.

"बाबूजी, जल्दी आइए, साहब पूछ रहे थे!"

डबी त्याच्याजवळ देता आली असती. एवढे सोपे होते. पण डबी काढण्यासाठी थांबावे लागले असते, आणि थांबलो असतो तर साहेब दिसले असते, दिसले असते तर बोलावे लागले असते. सुभेदार कोणत्या क्षणी डब्याचे झाकण काढतील ते मला माहीत नव्हते. मी पाय थांबवला नाही. चपराशी मागून काही तरी ओरडला. त्यानंतर गाडीची शिट्टी ऐकू आली ती मी बऱ्याच पुढे गेल्यावर.

या सगळ्या वाटेत मी एकच गोष्ट मागत होतो, आणि ती मागताना मला लाज वाटत नव्हती. गळ सुभेदारांच्या डब्यात असावा. त्यांच्या घशात नव्हे, डब्यात. पण मनाशी खरे सांगायचे तर दोहोंपैकी काहीही असो, आईच्या पोटात नसावा. ते भले गृहस्थ होते. मी तसेच मागत राहिलो.

फाटकाशी दुपारच्या सुट्टीचे कामगार बाहेर पडत होते. चहाच्या टपरीवर गर्दी होती. त्या गर्दीतून मला सुभेदारांचा खाकी साफा दिसला. ते स्टुलावर बसले होते, पायाशी रिकामा डबा होता, धुऊन उपडा ठेवलेला. म्हणजे ते जेवले होते.

माझी सायकल हातातून सुटली. ती पडल्याचा आवाज ऐकून त्यांनी मान वर केली.

"अरे भाऊसाहेब! तुम्ही इथं? आज तर कचेरीचा आखरी दिन ना?"

"सुभेदार, डबा खाल्लात?"

"खाल्ला म्हणजे? चाटून साफ केला. वहिनीसाहेबांना सांगा, सुकट एकदम झकास. फक्त एक तक्रार आहे." ते उठून उभे राहिले, कंबरेवर हात ठेवून, मोठ्या आवाजात, चार माणसांना ऐकू जाईल असे. "आम्ही काय गुन्हा केला होता की आईसाहेबांनी आम्हालाच गळ टाकला?"

आणि त्यांनी साफ्याकडे बोट केले.

साफ्याच्या कडेला, जेथे पूर्वी पलटणीचे बिल्ले लावत, तेथे माझा सहावा झिंगा खोचलेला होता. नांग्या नव्हत्या, एक डोळा नव्हता. लोकर हळदीने पिवळी झाली होती. शेपूट तेवढे शाबूत होते. गळाचे टोक साफ्याच्या कापडात होते.

मी हात पुढे केला. सुभेदारांनी तो धरला.

"अहो बसा, बसा आधी. चाय आण रे दो! भाऊसाहेब, तब्येत ठीक नाही का?"

मी बसलो. त्यांना सांगितले. सांगताना माझ्या तोंडातून शब्द क्रमाने निघत नव्हते. आधी कावळा सांगितला, मग कुत्रा, मग परात. ते ऐकत गेले तसा त्यांचा चेहरा उतरत गेला. त्यांनी खालचा ओठ पुढे काढून मला दाखवला. आतल्या बाजूला एक लाल ओरखडा होता.

"दुसऱ्याच घासाला लागला," ते आता हळू बोलत होते. "मी म्हटलं, हाड कसं आलं? झिंग्याला हाड असतं का? थुंकला, तर हा निघाला. वाटलं, तुम्हीच गंमत केली. तुम्ही अशी गंमत करणारे नाहीत हे तेव्हा डोक्यातच आलं नाही." मग थोडे थांबून म्हणाले, "आईसाहेब घाबरल्या असतील."

"त्या नाही घाबरल्या."

"मग कोण?"

मी चहाचा पेला उचलला.  साफा काढून त्यांनी झिंगा जपून सोडवला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"फौज विलीन झाली तेव्हा बिल्ला काढून घेतला आमचा," ते म्हणाले. "आज एक लावला, तोही तुम्ही नेता."

आजूबाजूची माणसे हसली. मला हसू आले नाही, पण चहा मी सगळा प्यालो. तो फार गोड होता आणि मला तो अजून आठवतो.

परतताना स्टेशनापाशी उतरलो. फलाट रिकामा होता. एक झाडूवाला केर काढत होता. मी डबी काढून पाहिली, पुन्हा खिशात ठेवली आणि घरी आलो. कचेरीत त्या दिवशी गेलो नाही. मध्यभारताच्या शेवटच्या दिवशी मी गैरहजर होतो. त्याबद्दल मला कधी कोणी विचारले नाही.

घरी दार उघडे होते. पत्नी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली होती. तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिले, मग माझ्या मुठीकडे. मी मूठ उघडली. ती उठली आणि आत गेली. थोड्या वेळाने मोरीत पाणी वाहण्याचा आवाज आला. ते बराच वेळ वाहत होते.

आई खाटेवर तशीच ताठ बसली होती. तिला आडवे होऊ दिले नव्हते. तिच्याजवळ केळ्यांच्या सालींचा ढीग होता.

"सापडला?"

"सापडला."

"कुणाकडं?"

"सुभेदारांच्या डब्यात."

"बघू."

मी तो तिच्या तळहातावर ठेवला, टोक वरून माझ्या नखाखाली धरून. तिने दुसऱ्या हाताच्या बोटांनी तो चाचपला. शेपटीपासून सुरुवात करून ती मोडलेल्या नांग्यांच्या खुंटांपर्यंत आली.

"हाच तो. आता कळलं. डोकं मोडायला गेले तर निघेना, म्हणून ओढून मोडलं." मग बोटे पुन्हा मागे नेली. "उलटा बांधलायस हा. तोंड मागं आणि शेपूट पुढं."

"तो उलटाच बांधतात. भ्याला की तो मागे पळतो."

"असं होय." तिने झिंगा मला परत दिला. "आता मला आडवं होऊ दे. केळ्यांनी पोट फुटायची वेळ आली."

मी तिला आधार देऊन आडवे केले. ती लगेच झोपली. मी तिचा श्वास ऐकत उभा राहिलो. गरजेपेक्षा जास्त वेळ उभा राहिलो असेन.

पुढचे थोडक्यात सांगतो. साहेब भोपाळला गेले ते गेलेच. त्या हिवाळ्यात माझी बदली भोपाळला झाली. आई आली. गाडीत तिने सुकटीचा डबा मांडीवर घेतला होता आणि तो कोणाला धरू दिला नाही. नव्या घराच्या भिंती पाठ करायला तिला फार दिवस लागले. रोज थोडे थोडे, भिंतीला हात लावून, ती ते घर शिकली. भोपाळचे बडे साहेब मला एकदा दुरून दिसले. त्यांना पाहून मला काही वाटले नाही. झिंगा मी पुन्हा बांधला नाही. पाच जे होते ते गळ कापून टाकून दिले.

पण ते नंतरचे. त्या संध्याकाळी दिवे लागण्याच्या सुमारास आई उठली आणि तिने सूप मागितले. धोतराच्या तुकड्यावर अर्धी सुकट निवडायची राहिली होती.

"राहू दे," मी म्हटले.

"राहू दे काय? दवाने ओली होईल. दिवाळीनंतर खायला नको का?"

"तू बस. मी निवडतो."

ती माझ्या दिशेने पाहत राहिली. तिला किती दिसत होते कोण जाणे.

"सुकट निवडायला आता सरकारी नोकर लागतो का?"

"उद्यापासून कोणत्या सरकारचा, ते ठरायचे आहे," मी म्हटले.

पत्नी स्वयंपाकघरात होती. तिकडून ती हसल्याचा आवाज आला. त्या दिवसातले तिचे ते पहिले हसणे.

मी धोतराची चार टोके धरून ते आत आणले आणि दिव्याशी मांडी घालून बसलो. आधी सगळी सुकट पसरून तळहात फिरवला. काही टोचते का ते पाहिले. मग एकेक झिंगा चिमटीत धरून निवडू लागलो. आई शेजारी बसून ऐकत होती. मोडण्याचा आवाज ठीक आला नाही की ती म्हणे, "शेपूट राहिलं," आणि ते खरोखरच राहिलेले असे. सगळी निवडून झाल्यावर मी ती बरणीत भरली, झाकण लावले, डोकी आणि शेपट्या कागदात बांधून गल्लीच्या टोकाला टाकून आलो, सूप उलटे करून झटकले, आणि ते खुंटीला टांगले.